चिनी बशा आणि आपला चातुर्मास

भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांना चिनी जेवायला न्यायचं म्हटलं की आम्हां अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या पोटात गोळा येतो. त्यांच्या डोळ्यांपुढे असतं मांचुरिअन. ते तर मुंबईचंच! नेल्सन वाँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस यांची मोट बांधून ते केलं. इथल्या चिनी वाइन बारमध्ये ते शोधून सापडायचं नाही.

इथे येतात चिमुकल्या बशा. दोन-चार घासांच्या, सर्वांनी मिळून खायच्या. ही रीत काही नवी नव्हे. कँटनकडची माणसं चहाबरोबर असंच खातात, त्याला डिम सम म्हणतात. न्यूयॉर्कच्या डॉयर्स स्ट्रीटवर नॉम वा हे चहाघर १९२० साली सुरू झालं. आता चहाच्या जागी वाइन आली आणि किंमत चढली, एवढंच.

आमच्याबरोबर सांगलीच्या आत्याबाई होत्या, त्याही चातुर्मासात. पहिली अडचण उष्ट्याची. एकाच बशीत सगळ्यांच्या काड्या! वाढून घ्यायला वेगळा चमचा मागितला, तो लगेच मिळाला. चिनी घरांतही वाढायच्या काड्या निराळ्या ठेवायची चाल आहे.

दुसरी अडचण खरी. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. मापो टोफूत बहुधा खिमा असतो, कोरड्या परतलेल्या घेवड्यातही असतो. हिरव्या पालेभाजीवर कालवांचा सॉस ओततात, आणि मुळ्याच्या वड्यांत सुकी कोळंबी दडलेली असते. तेव्हा वाचकहो, एकेका जिनसाचं नाव घेऊन विचारा. लाजू नका. आत्याबाईंनी सहा बशा परत पाठवल्या असत्या, पण आधी विचारल्यामुळे तीन बशा निर्धास्त खाल्ल्या. वाढणाऱ्या मुलीनेच सुचवलं, की बौद्ध भिक्षूंचं जेवण हवं असं सांगा, म्हणजे स्वयंपाकघरात बरोबर समजतं.

त्या जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य! कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन चार महिने कांदा सोडणाऱ्या आत्याबाईंना हे ऐकून चीन एकदम माहेरचा वाटू लागला. मात्र भिक्षूंच्या पाच वर्ज्य उग्र पदार्थांच्या जुन्या यादीत हिंगही आहे, हे सांगताच त्या थबकल्या. ‘मग आमटीला घालतात काय?’

वाइनचं म्हणाल तर सेचवान तिखटाबरोबर कडक लाल वाइन नको, जीभ आणखी पोळते. किंचित गोडसर, हलकी जर्मन रीसलिंग बरी. बशा एकदम मागवू नका, दोन-दोन मागवा. भात वेगळा सांगावा लागतो, आणि त्याचेही पैसे पडतात. आत्याबाईंना बिल दाखवलं नाही.