वांग्यातल्या अळीचा बाप

वांगं चिरताना अळी निघाली की तोंड वाकडं करणारे आपण सगळेच. पण ती अळी मोठेपणी कशी दिसते, हे वांगी पिकवणाऱ्यांनाही विचारून पाहा; बहुतेकांनी ती नीट पाहिलेलीच नसते. कारण तोवर ती अळी राहिलेली नसते, पतंग झालेली असते, आणि हा पतंग रात्रीचा. दिवसा पानाखाली गप्प.

जळगावकडे भरताच्या वांग्यांच्या एका शेतात सकाळी कामगंध सापळे तपासताना तो हाती लागला. काठीला नरसाळं, त्यात अडकवलेली ल्युअर, खाली पिशवी. ल्युअरला मादीचा गंध असतो, त्यामुळे येतात ते फक्त नर. पिशवी कागदावर झटकली, तर बहुतेक नुसती तपकिरी फोलपटं. धडपडीत पंखांवरचे खवले झडले की ओळख पुसलीच म्हणायची.

एकच धड होता. भिंग लावलं. पसरलेले पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दोन सेंटिमीटर. रंग दुधाळ पांढरा, उन्हात तिरपा धरला तर मोत्यासारखी झाक. पुढच्या पंखांवर तांबूस तपकिरी डाग: एक मुळाशी, दुसरा मागच्या कडेला टेकलेला, तिकोनी. कडेला बारीक झालर. पंख सपाट पसरून बसतो आणि पोटाचं टोक वर वळवून धरतो. देखणा आहे, हे कबूल करायला जड जातं.

१८५४मध्ये गेने या फ्रेंच अभ्यासकानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं: ल्युसिनोडेस ऑर्बोनॅलिस. याच्याच अळीसाठी जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीनं जनुक बदललेलं बीटी वांगं आणलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०१०मध्ये ते रोखलं गेलं, बांगलादेशात २०१४पासून शेतात गेलं. त्यावरून तेव्हा झालेल्या वादाच्या रणधुमाळीत वांग्याचे फोटो ढिगानं छापून आले. पतंगाचा एकही पाहिल्याचं मला आठवत नाही.

फवारणी फारशी लागू पडत नाही, कारण अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते आणि भोक विष्ठेनं बुजवते.

“सापळ्यानं नर कमी होतात, पण शेंडे खुडावेच लागतात,” शेतमालकीण काकू म्हणाल्या. मान टाकलेला एक शेंडा त्यांनी नखानं उभा चिरला. आत गुलाबीसर अळी, तपकिरी डोक्याची. खुडलेले शेंडे त्या बांधावर टाकत नाहीत, पिशवीत कोंबून तोंड घट्ट बांधतात. शेंडा जमिनीवर पडला तर पूर्ण वाढलेली अळी बाहेर येऊन पालापाचोळ्यात कोष करते, आणि आठ-दहा दिवसांत नवा पतंग उडतो.