शिक्षणशास्त्राला समाजशास्त्राची जोड

बिद्री (ता. कागल) - दिवाळीच्या आसपास बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो आणि कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर उसाच्या वाहनांची रीघ लागते. याच सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात मराठवाड्यातून तोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्येच सुरू झालेले असते. पहिले सत्र संपते न संपते तोच या मजुरांची मुले गावच्या शाळेतून दिसेनाशी होतात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

अशा मुलीचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढावा, हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न. ती मुळात का गेली, हा समाजशास्त्राचा. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता' धरला जातो, त्यामुळे आईला गावी राहता येत नाही. आई फडात गेली की धाकट्या भावंडाला खोपीवर सांभाळायला थोरली बहीण लागते. हजेरीपटावर यातले काहीच उमटत नाही. तिथे केवळ 'गैरहजर' अशी नोंद होते. मुलगी एकच, परंतु तिच्याविषयीचे दोन प्रश्न आपल्याकडे बहुधा दोन निरनिराळ्या विभागांत शिकविले जातात.

वास्तविक या दोन शास्त्रांचे नाते जुने आहे. समाजशास्त्राच्या जनकांपैकी एक मानले जाणारे एमिल डुर्खेम यांची १८८७ मध्ये फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात नेमणूक झाली, तीच मुळी सामाजिक शास्त्र आणि अध्यापनशास्त्र असे दोन्ही विषय शिकविण्यासाठी. ब्रिटनमधील काही विद्यापीठांत हे विषय जोडीने घेऊन आजही पदवी मिळते.

त्यासाठी फ्रान्सपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बिद्रीहून मुधाळ तिट्टा ओलांडून पुढे गेले की गारगोटी लागते. तेथील श्री मौनी विद्यापीठाच्या उभारणीत व्ही. टी. पाटील यांच्या बरोबरीने डॉ. जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ मध्ये जन्मलेले नाईक १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली, तिचेही पहिले सदस्य-सचिव तेच. शिक्षण आणि सामाजिक संशोधन ही दोन्ही दालने एकाच माणसाने सांभाळावीत, हा योगायोग खचितच नव्हे. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा मेळ भारतीय शिक्षणात का बसत नाही, यावर त्यांनी १९७५ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतही हा विचार रुजला. एम. एस. गोरे, आय. पी. देसाई आणि सुमा चिटणीस यांनी संपादिलेला शिक्षणाच्या समाजशास्त्रावरील लेखसंग्रह १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे चिटणीस यांनी १५ राज्यांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची पाहणी मांडली. शाळेचे दार उघडले म्हणजे आतली वाट सर्वांना सारखीच मोकळी होत नाही, हे दाखविणारे हे काम आहे.

आता व्यवहाराचे. महाराष्ट्रात समाजशास्त्र घेऊन बी. ए. आणि त्यानंतर बी. एड. हाच रुळलेला मार्ग आहे. बी. एड.मध्ये शिक्षणाच्या सामाजिक पायाचा अभ्यास असतो, पण पाठ घेण्याच्या धांदलीत तो परीक्षेपुरताच उरतो, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर मुख्य विषयाला दुय्यम विषयाची जोड देण्याची सोय झाली, तर २०२३-२४ पासून निवडक संस्थांत बी. ए.-बी. एड. हा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू झाला. मात्र अमुक महाविद्यालयात हे दोन्ही विषय प्रत्यक्ष उपलब्ध आहेत की नाही, याची खात्री प्रवेशापूर्वीच करून घेतलेली बरी.

आणखी एक गोष्ट पालकांच्या ध्यानात सहसा येत नाही. शिक्षणशास्त्र हा विषय घेऊन बी. ए. किंवा एम. ए. होणे म्हणजे बी. एड. नव्हे. शाळेत शिक्षक व्हायचे तर अध्यापनाची पदवी वा पदविका लागते, पहिली ते आठवीसाठी त्यावर पात्रता परीक्षाही. कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवायचे असल्यास एम. ए. आणि बी. एड. दोन्ही हवे.