उसाच्या फडातील बिबट्याचा अभ्यास

वन्यजीवांचा अभ्यास करायचा तर घनदाट अरण्यच गाठावे लागते, हा समज अकोले तालुक्यातील संशोधनाने खोटा ठरविला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील या खोऱ्यात दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात. येथील उसाचे फड, गोठे आणि वस्त्या यांमध्येच विद्या अत्रेय यांनी पीएचडीसाठी बिबट्यांचा अभ्यास केला.

अशा अभ्यासात जनावर क्वचितच नजरेस पडते. वाचायच्या असतात त्या त्याच्या खुणा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना स्वयंचलित कॅमेरे बसवावे लागतात, कारण बिबट्याच्या दोन कुशींवरील ठिपके सारखे नसतात. या ठिपक्यांवरूनच प्रत्येक बिबट्या वेगळा ओळखता येतो. विष्ठा धुऊन, त्यातील केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले की त्याने काय खाल्ले ते कळते.

या मेहनतीचे फळ २०१३ पासूनच्या शोधनिबंधांत प्रसिद्ध झाले. दर १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस असल्याचे अनुमान निघाले. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारातील ८७ टक्के वाटा पाळीव व गावातील प्राण्यांचा होता. त्यात ३९ टक्क्यांसह कुत्री आघाडीवर होती. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच भरला. रात्री गोठ्यात बंद असलेल्या शेळीपेक्षा मोकाट कुत्रे सहज सापडते, हे त्यामागील एक कारण.

बिबट्याचा प्रवास मात्र कॅमेऱ्याला कळत नाही. त्यासाठी मानेला उपग्रहाद्वारे ठावठिकाणा सांगणारा पट्टा लावतात. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला २००९ मध्ये असा पट्टा लावून माळशेज घाटात सोडण्यात आले. 'आजोबा' नावाने प्रसिद्ध झालेला हा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला.

पकडून दूर सोडलेला बिबट्या तेथेच राहील, याची शाश्वती नसते. शेजारच्या जुन्नर भागात तर अशा स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले वाढल्याचे २०११ च्या शोधनिबंधात नोंदविले आहे. अलीकडच्या वर्षांत अहिल्यानगर जिल्ह्यातही बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे बळी गेले असून, पिंजरे लावण्याची मागणी जोर धरते. ज्यांच्या घरातील माणूस गेला, त्यांचा संताप समजण्यासारखाच आहे. परंतु बंदिस्त गोठे, उघड्यावरील कचऱ्याची विल्हेवाट आणि रात्रीची सावधगिरी यांना पर्याय नाही, हेच शेतातील या अभ्यासाचे सांगणे आहे.