भारनियमनाचं लाडकं यंत्र

गेल्या महिन्यात आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने आपलं व्हॅम भंगारात काढलं. व्हॅम म्हणजे व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन, उष्णतेवर गारवा करणारं यंत्र. त्याच्या जागी विजेवरचं चकचकीत चिलर बसलं. प्रक्रियेतून उरणारी वाफ आता सरळ आभाळात जाते.

पूर्वेतिहास दोन ओळींत उरकतो. फ्रान्सच्या कारेने 1859 मध्ये अमोनिया-पाण्याचं यंत्र आणलं. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी त्याच तत्त्वाचा घरगुती फ्रीज केला. पुढे वीज नसलेल्या गावांत रॉकेलवरच्या अशाच फ्रीजनी लशी सांभाळल्या.

व्हॅमचे खरे दिवस भारनियमनाचे, साधारण 2012 पर्यंतचे. मी तेव्हा सर्व्हिसला होतो. डिझेल जाळून कॉम्प्रेसर चालवणं परवडेना, आणि व्हॅमला वीज लागायची ती पंपांपुरती. आत दाब जेमतेम साडेसहा मिलिमीटर पाऱ्याइतका, त्यामुळे पाणी 5 अंशांवरच उकळतं. ती वाफ लिथियम ब्रोमाइडचं द्रावण पिऊन टाकतं आणि बाहेरची उष्णता द्रावणातून पाणी पुन्हा उडवते. ओझोनला धक्का लावणारा वायू नाही, कॉम्प्रेसरची घरघर नाही.

वीज अचानक गेली, तर मात्र द्रावण पातळ व्हायला वेळ मिळत नसे. हीट एक्स्चेंजरमध्ये मीठ धरायचं. ऑपरेटरचा फोन यायचा, “साहेब, बर्फी झाली!” मग रात्रभर टॉर्चने पाइप शेकायचे. विजेच्या तुटवड्यावर जगणाऱ्या यंत्राला वीज गेलेलीच सोसत नव्हती.

त्याचं नाव खराब केलं ते विक्रेत्यांनी. जिथे फुकटची वाफ नव्हती, तिथेही कोळसा जाळायला लावून यंत्रं गळ्यात मारली. व्हॅमचा कूलिंग टॉवर विजेच्या चिलरच्या जवळजवळ दुप्पट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे पाणीही तेवढंच पितो, हे मराठवाड्यातल्या गिऱ्हाइकाला टँकर मागवताना कळलं. नंतर खरेदी विभागाने कागदावर एक एकक ऊर्जेमागे किती गारवा मिळतो याचे आकडे मांडले: व्हॅम 0.7, फार तर 1.2, विजेचं चिलर 5 च्या वर. वाया जाणाऱ्या वाफेची किंमत शून्य असते, ही ओळ त्या कागदावर कधीच नसे.

आपल्याला उष्णतेची किंमत कळली ती वीज नव्हती म्हणून. वीज आली आणि कळलेलं विसरलो. गेल्या महिन्यातल्या त्या कारखान्यातही भंगारवाल्याने तांब्याच्या नळ्या काट्यावर तोलून घेतल्या; वाफेचा हिशेब कुणी मागितला नाही.