सूत्रात निम्माच कोन का?

मघाचा प्रश्न घेऊ. मोजतो तो कोन दोन थीटा, मग सूत्रात थीटा कुठून आला? फळ्यावर बघा. आत येणारा किरण एक बाण, विखुरलेला दुसरा. ऊर्जा तीच, म्हणून लांबीही तीच: दोन पाय भागिले लॅम्डा. (एच-बार मी सोडून देतोय.) शेपट्या जुळवा, समद्विभुज त्रिकोण झाला. त्याचा पाया म्हणजे संवेगातला फरक, क्यू. लंब टाकला की शिरोकोन दुभंगतो, म्हणून क्यू बरोबर चार पाय साइन थीटा भागिले लॅम्डा.

१९५२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांनी डीएनएचं ते प्रसिद्ध चित्र घेतलं. तांब्याचे क्ष-किरण, तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम, वर-खालचे ठळक डाग साधारण २६ अंशांवर. निम्मे, म्हणजे १३ घ्या. दोन पायला क्यूने भागलं की अंतर ३.४ अँगस्ट्रॉम येतं. आणि चुकून २६च घातले तर? सुमारे १.८! जिन्याच्या पायऱ्या जवळजवळ निम्म्या उंचीच्या, रेणूच दुसरा.