थेंब खाली, दुखणं वर

घर सांभाळताना : लेखांक ९

नवरात्र बसलं की आमच्याकडे रंगारी मिळेनासे होतात. पावसाळ्यात भिंतींवर उमटलेले नकाशे दिवाळीच्या आत पुसून टाकायची साऱ्या सोसायटीला एकदम घाई होते. पोपडे खरवडा, पुट्टी भरा, दोन हात रंग मारा. लक्ष्मीपूजनाला भिंत लख्ख. पुढच्या आषाढात त्याच जागी तोच नकाशा पुन्हा हजर. मागच्या लेखात नळ आणि फ्लशच्या टाकीच्या किरकोळ दुरुस्त्या पाहिल्या. त्या घरच्या घरी जमतात. आजचा विषय ओल आणि गळतीचा, आणि इथे हौसेने हात घातलेला माणूस हमखास पोळतो. मीही पोळलो आहे.

कोकणात माझ्या आजोळी मे महिन्यात घर शाकारत. त्याच्या आदल्या दिवशी आजोबा भर दुपारी माळ्यावर चढत. बाहेर ऊन रणरणत असे, आत अंधार. कौल फुटलेलं किंवा सरकलेलं असेल तिथून कवडसा आत येई. त्या फटीजवळच्या वाशाला आजोबा चुन्याचं बोट लावत. दुसऱ्या दिवशी कौलं चाळणारा गडी आला की नेमकी कुठे चाळायची हे त्याला विचारावं लागत नसे. शोधायचं काम घरधन्याचं, बदलायचं काम गड्याचं.

फ्लॅटमध्ये आल्यावर आपण ही वाटणी उलटी केली. दुरुस्ती स्वतः करू बघतो आणि शोधायचं काम मात्र ज्याला दुरुस्तीचे पैसे मिळणार त्याच्यावर सोपवतो.

तीन पावसाळ्यांची शाळा

आमची डोंबिवलीतली इमारत १९९४ सालची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. न्हाणीघराच्या छताला कोपऱ्यात वाटीएवढा पिवळसर डाग दिसला तेव्हा मी दुकानातून ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली पुट्टी घेऊन आलो. टेबलावर स्टूल, स्टुलावर मी. दोन महिने छत देखणं दिसलं. मग पुट्टीला फुगा आला, फुगा फुटला आणि थेंब सुरू झाला. पाणी वरून अडवायचं असतं. खालून बूच मारलं तर ते स्लॅबमध्येच मुरतं आणि बाजूने वाट काढतं, हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी वरच्या काकांना गाठलं. माणूस भला. “टाइल्सचे सांधे उघडे पडलेत, व्हाइट सिमेंट भरू,” म्हणाले. एका रविवारी आम्ही दोघं हॅक्सॉच्या पात्याने सांधे कोरत बसलो. तीन तासांत एक टाइल टवकली, माझा अंगठा कापला आणि काकांची कंबर धरली. पण थेंब थांबला! आठ दिवस छत कोरडं. मी सोसायटीत दोघा-तिघांना ही कृती सांगूनही टाकली. नवव्या दिवशी पुन्हा टपटप. काका सहकुटुंब गावाला गेले होते, ते आदल्या रात्री परतले होते.

निदान आपण होऊन दारात आलं होतं, आम्ही त्याला ओळखलं नाही. पाणी वापरलं की गळतं, वापरलं नाही की थांबतं. नळाच्या पाइपात पाणी सतत दाबाखाली असतं. तो फुटला असता तर घर बंद असतानाही गळला असता. (काका मुख्य कॉक बंद करून गेले नव्हते, हे मी नंतर विचारून घेतलं.) म्हणजे दोष न्हाणीच्या जमिनीत किंवा सांडपाण्याच्या नळीत. निम्मा तपास काकांच्या गावच्या जत्रेने करून दिला होता.

तिसऱ्या वर्षी वॉटरप्रूफिंगवाला बोलावला. त्याने पाच मिनिटं टॉर्च मारला आणि सांगितलं, “पूर्ण बाथरूम फोडावं लागेल. ६५ हजार.” वरून काकू म्हणाल्या, “तुमच्या डागासाठी आमची चांगली न्हाणी फोडायची होय?” त्यानंतर जिन्यात समोरासमोर आलो की दोन्ही घरं भिंतीकडे बघू लागली.

शेवटी एक म्हातारे प्लंबर आले. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. काकांना म्हणाले, “दोन दिवस ही न्हाणी वापरू नका.” थेंब थांबले. मग त्यांनी वरच्या जाळीच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा कोंबला आणि जमिनीवर दोन इंच पाणी भरून ठेवलं. चोवीस तास गेले, आमचं छत कोरडं. म्हणजे जमीन आणि तिचे सांधे ठीक. ज्या सांध्यांसाठी मी अंगठा कापून घेतला ते निर्दोष होते. मग बोळा काढून पाणी सोडून दिलं, मागोमाग खाण्याच्या लाल रंगाची बादली जाळीतून ओतली आणि आमच्याकडे थेंबाखाली पांढरी बशी ठेवली. सकाळी बशीत गुलाबी पाणी.

दोष नहाणी ट्रॅपपाशी होता. देशभरच्या बांधकामाच्या पुस्तकांत हा शब्द असाच छापतात. तो आपल्या न्हाणीतूनच तिकडे गेला आहे. जाळीखालच्या या भांड्याच्या वाकणात दोनेक इंच पाणी कायम राहतं आणि गटाराचा वास घरात येऊ देत नाही. त्याचा पुढच्या नळीशी असलेला सांधा सुटला होता. चार टाइल्स काढून सांधा नवा केला, टाइल्स परत बसवल्या. दीड दिवसाचं काम, खर्च ५,८०० रुपये. तो आम्ही अर्धा अर्धा वाटून घेतला. काकूंनी त्या दिवशी चहा दिला.

पाणी सरळ खाली पडत नाही

बहुतेक इमारतींत न्हाणीची स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूटभर खाली घेतलेली असते. त्या खळग्यात नळ्या टाकतात, विटांच्या तुकड्यांचा भराव करतात आणि वर लादी बसवतात. गळलेलं पाणी आधी या भरावात साचतं. भराव तुडुंब झाला की स्लॅबमध्ये जी जागा सगळ्यांत कच्ची, तिथून ते खाली उतरतं. म्हणून गळती एका भिंतीपाशी आणि थेंब समोरच्या कोपऱ्यात असं होऊ शकतं. भिंतींचंही तसंच. विटा आणि गिलावा बारीक छिद्रांतून पाणी टिपकागदासारखं वर ओढतात; वाटेत त्यात क्षार विरघळतात आणि पाणी उडून गेलं की पांढरा खार मागे राहतो. हाच खार रंगाला आतून ढकलतो आणि पोपडे धरतात.

तेव्हा पहिला प्रश्न ‘कुठे?’ हा नाही, ‘केव्हा?’ हा आहे. फक्त पावसात ओल येते का? मग गच्ची किंवा बाहेरची भिंत बघा. आपल्याकडे नैर्ऋत्येकडून पाऊस झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती आधी भिजतात. वापरलं की गळतं का? मग सांडपाणी किंवा न्हाणीची जमीन. बारा महिने, रात्रंदिवस ओल आहे का? मग दाबाची पाइपलाइन. रात्रभर मुख्य कॉक बंद ठेवून सकाळी डाग मंदावला का ते पाहा.

चौथी शक्यता बहुतेकांच्या लक्षात येत नाही : पाणी भिंतीतून आलेलंच नसतं. एसीच्या खोलीलगतच्या भिंतीवर हवेतलं बाष्प गार होऊन बसतं, बुरशीही धरते. तिथे हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा. एक-दोन दिवसांनी आतल्या बाजूला पाणी दिसलं तर ते भिंतीतलं, वरच्या बाजूला दिसलं तर खोलीतलं. ही परीक्षा दहा रुपयांत होते आणि कधी कधी हजारोंचं वॉटरप्रूफिंग वाचवते.

गच्चीवर जाल तेव्हा आधी पावसाळी पाइपचं तोंड बघा. पालापाचोळा आणि पतंगाचा मांजा तिथे अडकून तळं साचतं. मग कोब्याला भेगा आहेत का आणि कठड्याच्या पायाशी जी गोलाई दिलेली असते, जिला मिस्त्री ‘वाटा’ म्हणतात, ती सुटली आहे का ते पाहा. भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं वरून छाटून उपयोग नाही. मूळ आत जाडच होत राहतं आणि भेग रुंदावतं.

हात आखडायची वेळ

आतापर्यंतचं सगळं तुम्ही स्वतः करा. पण छतावर बोटाच्या पेराने किंवा हातोडीच्या दांड्याने टकटक करा. आवाज पोकळ आला, सळईच्या रेषेत तडा दिसला किंवा तांबूस डाग पाझरला, तर पुट्टीचा डबा तिथेच ठेवा. नव्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या आसपास असतो. या क्षारतेमुळे सळईवर एक संरक्षक थर राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरला की ही क्षारता उतरते, थर जातो आणि ओल मिळाली की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो आणि आतून रेटून काँक्रीटचा तुकडा पाडतो. त्यावर पुट्टी मारणं म्हणजे तापात थर्मामीटर पुसणं. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. ओला डाग दिव्याच्या पॉइंटजवळ असेल तर आधी त्या भागाचा एमसीबी पाडा, बाकीचं नंतर.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरची असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपल्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं, एवढा एक प्रश्न वार्षिक सभेत विचारून बघा.

पैसे कोणी द्यायचे?

भांडणं पाण्यापेक्षा यावरून जास्त होतात, आणि उत्तर उपविधींत लिहिलेलं आहे. पावसाच्या पाण्याची गळती, गच्ची, बाहेरच्या सामाईक नळ्या, गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, हे सगळं सोसायटीच्या खर्चाने. संडास, न्हाणी, सिंक अशी घरातली अंतर्गत गळती संबंधित फ्लॅटधारकांच्या खर्चाने, पण त्यासाठी पुढाकार सोसायटीने घ्यायचा. इमारत नवी असेल तर तिसरं उत्तर आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

सोसायटीच्या वाट्याचं काम निघालं की ‘फंडात पैसे नाहीत’ हे उत्तर येतं. त्यामागचा हिशेब साधा आहे. दुरुस्ती व देखभाल निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के घ्यायचा असतो. समजा जुन्या इमारतीत फ्लॅटचा बांधकाम खर्च दोन लाख धरलेला आहे. मग दुरुस्ती निधी वर्षाला १,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १२५. मजुरी आजची आणि वर्गणी तीस वर्षांपूर्वीच्या दराची! मग एक दिवस माणशी लाख-दीड लाखाची नोटीस येते. नियमात ‘किमान’ असा शब्द आहे. सर्वसाधारण सभा तो दर वाढवू शकते. दरमहा थोडे जास्त द्यायला जी सभा कुरकुरते, तीच पुढे एकरकमी रक्कम देताना रडते.

या आठवड्याचा गृहपाठ

परतीचा पाऊस अजून आहे आणि भिंती ओल्या आहेत, म्हणजे तपासाला हीच वेळ. पेन्सिल घ्या, डागाच्या कडेने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. दर चार दिवसांनी नवी रेघ, नवी तारीख. सोबत वहीत दोनच गोष्टी टिपा : त्या दिवशी पाऊस होता का आणि वरची न्हाणी वापरात होती का. तीन आठवड्यांची ही वही हातात असेल तर कोणताही कंत्राटदार टॉर्च मारून पाच मिनिटांत आकडा सांगू शकणार नाही.

दुरुस्ती झाली की भिंत पूर्ण सुकू द्या. त्याला आठवडे लागतात. रंग सगळ्यांत शेवटी. या दिवाळीला एक भिंत डागाळलेली राहिली तर राहू द्या, तिच्यासमोर आकाशकंदिलाचा फोटो काढू नका म्हणजे झालं.

पुढच्या लेखात : मोठ्या दुरुस्तीची तीन कोटेशन्स समोर ठेवून कशी वाचायची. तोवर रंगाऱ्याला थोपवून धरा.