‘हो जाएगा’चे पैसे किती?

रमजानच्या महिन्यात रात्री खाण्याच्या गल्लीत सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारा शब्द कोणता? माझं उत्तर ठरलेलं आहे : ‘हो जाएगा.’ नळी जादा मिळेल का? हो जाएगा. तिखट जरा कमी होईल? हो जाएगा. पराठ्याऐवजी नान? हो जाएगा साहब, आप बैठो तो सही.

या दोन शब्दांत मोठी गंमत आहे. सांगणारा पोरगा म्हणत असतो, ‘आमच्या भटारखान्यात हे होऊ शकतं.’ ऐकणारा समजतो, ‘याचे वेगळे पैसे नाहीत.’ दोघेही खरंच बोलत-ऐकत असतात. या दोन अर्थांमध्ये जेवढं अंतर असतं, ते तासाभराने बिलावर छापून येतं.

आमच्या सोलापुरात रमजान आला की विजापूर वेशीचा मीना बाजार गजबजतो. मुंबईत मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आसपास, हैदराबादेत चारमिनारभोवती, पुण्यात कोंढव्याच्या कौसर बागेत असंच असतं. तरावीहची नमाज संपली की गर्दीचा रंग बदलतो. आता फक्त रोजेदार नसतात. कॉलेजची मुलं येतात, बँकेतले लोक येतात, शेजारचं कुटुंब वर्षातून एकदा ‘चला, रमजानचं खाऊन येऊ’ म्हणत लहान मुलांना घेऊन येतं. मला ही गर्दी मनापासून आवडते. या गल्लीला वर्षभर वळसा घालून जाणारी माणसंही या महिन्यात आत येतात, बाकड्यावर बसतात, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ‘हे काय मागवलंत?’ असं विचारतात.

मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयातले सहा जण असेच निघालो. मी यजमान. भूगोलाच्या सरांना नळी आवडते, त्यांनी दोन जादा सांगितल्या. ग्रंथपालांना तिखट सोसत नाही. मराठीच्या मॅडमनी पराठ्याऐवजी नान मागितला, एकाने रस्सा पुन्हा मागवला, कांदा-लिंबू दोनदा आलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ‘हो जाएगा.’ जेवण उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. बिल आलं तेव्हा मूळ पदार्थांखाली पाच वेगळ्या ओळी होत्या. दोन नळ्या १६० रुपये, ग्रेव्ही ६०, कांदा-लिंबू ३०, नानचा फरक ४० आणि शेवटी ‘लेस स्पायसी’ ५०. एकूण ३४० रुपये, नुसते ‘हो जाएगा’चे.

मी मुकाट्याने पैसे काढत होतो, तेवढ्यात मॅडमनी बिल वाचलं आणि हसत म्हणाल्या, “सर, तिखट कमी घालायचे पन्नास? मग जे तिखट वाचलं त्याचे पैसे परत नकोत का?” सगळे हसले. मीही हसलो, पण मनात ते बोचत राहिलं. नेहमीचं गिऱ्हाईक अशा वेळी मालकाला दोन शब्द सुनावतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येतं. वर्षातून एकदा येणारा पाहुणा भांडत नाही. तो पैसे देतो, ‘छान होतं’ म्हणतो, घरी जातो आणि चार लोकांना सांगतो, ‘जेवण बरंय, पण तिथे जपून. बिलात काढतात.’ त्याच्या बोलण्यात हॉटेलचं नाव नसतं. अख्ख्या गल्लीचं असतं, आणि कधी कधी गल्लीत राहणाऱ्यांचंही. ३४० रुपयांपेक्षा मला हे महाग वाटलं.

पुढे एका दुपारी त्याच भागातल्या एका जुन्या हॉटेलमालकांकडे हा विषय काढला. (बिल त्यांचं नव्हतं.) रमजानमध्ये दुपारी हॉटेलं पुढून बंद दिसतात, पण मागे सोलणं, कापणं, देगा चढवणं चालू असतं. मालक स्वतः रोज्यात, घाम पुसत मसाल्याचा नुसत्या वासावर अंदाज घेत होते. त्यांनी मला नळीचं गणित समजावलं. “सर, देग में नलियाँ गिनती की रहती.” ठरावीक मटणात ठरावीकच नळ्या निघतात. एका ताटात दोन जादा गेल्या की रात्री बाराला येणाऱ्या कोणाला तरी नळीशिवाय रस्सा द्यावा लागतो, आणि तो रागावतो. म्हणून नळी जादा हवी तर पैसे जादा. रश्श्यावरची तरीही तशीच. ती देगेच्या वरच्या थरात असते, पहिल्या पन्नास जणांनी ‘जरा तरी मारके’ म्हटलं की खाली उरतं ते पाणी.

हे पटलं. पण तिखट कमी करण्याचं काय? यावर ते हसले. देगेतलं कालवण एकदा शिजलं की त्यातून तिखट काढता येत नाही. वेगळ्या कढईत दूध-दही किंवा काजूची पेस्ट घालून ते सौम्य करावं लागतं, एक शेगडी अडते, एक माणूस अडतो. तेव्हा त्यालाही खर्च आहे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मात्र एका गोष्टीचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. पराठा नको म्हटल्यावर नानचा फरक तुम्ही लावता. मग अंडं नको, कबाबवरचं लोणी नको, सोबतची कोशिंबीर नको म्हणणाऱ्याला तुम्ही कधी दोन रुपये कमी करता का? घालायला पैसे, काढायला नाहीत, असा हा एकाच बाजूला झुकणारा काटा जवळजवळ सगळ्या हॉटेलांत आहे, रमजान असो वा नसो. मिसळीच्या दुकानात जादा पावाचे पैसे आपण आनंदाने देतो, कारण ‘एक्स्ट्रा पाव’ आणि त्याचा दर भिंतीवर लिहिलेला असतो. रस्सा पुन्हा मिळतो की नाही, तेही बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. तिथे कोणी भांडताना दिसत नाही.

मग पोरं दर आधीच का सांगत नाहीत? मला वाटलं होतं, यात चलाखी असेल. काही ठिकाणी ती असतेच. पण मालकांनी जे सांगितलं त्याने मी चपापलो. “बोलो बोले तो भी नहीं बोलते, सर. शरमाते. खाने बैठे आदमी को भाव कैसा सुनाना?” दख्खनी घरात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. दस्तरखानावर बसलेल्याला ‘याचे इतके होतील’ म्हणणं म्हणजे त्याच्या ऐपतीवर शंका घेणं. त्यात महिना रमजानचा. आणि टेबलाच्या अलीकडे बसलेला यजमानही तेवढाच संकोची. पाहुण्यांसमोर ‘नळीचे किती?’ विचारलं तर आपण चिंधी ठरू, या भीतीने तो गप्प. दोन्हीकडच्या अदबीमुळे कोणी बोलत नाही, आणि मग गल्ल्यावर दोन्हीकडची अदब एकदम संपते. महिनाभरासाठी ठेवलेल्या पोरांना तर अनेकदा खरा दरच माहीत नसतो, ही आणखी एक गोष्ट.

भाषेची अडचण म्हणावी तर तीही नाही. जादा, किंमत, हिशेब, दुकान हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी-उर्दू दोघींच्या घरात कधीचेच राहायला आहेत. मी वर्गात मुलांना हे सांगतो तेव्हा त्यांना आश्चर्य वाटतं. शब्द सामाईक आहेत, फक्त ते वेळेवर तोंडातून निघत नाहीत.

गंमत म्हणजे, ज्या परंपरेच्या नावाने हा महिना चालतो, तिच्यात या बाबतीत संकोचाला जागाच नाही. फिकह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात खरेदी-विक्रीवर लांबलचक प्रकरणं आहेत. हनफी मतानुसार किंमत दोन्ही पक्षांना माहीत नसेल तर तो सौदा फासिद, म्हणजे सदोष ठरतो. याला एक सवलत आहे, ‘उर्फ’ची, म्हणजे रूढ रिवाजाची. ओळखीच्या दुकानातून माणूस रोज काही उचलतो आणि महिनाअखेर हिशेब करतो, तिथे प्रत्येक वेळी दर उच्चारावा लागत नाही, कारण तो बाजारात सगळ्यांना ठाऊक असतो. मला इथेच या प्रश्नाची किल्ली दिसते. गल्लीतल्या नेहमीच्या माणसाला नळीचा दर ठाऊक असतो, त्याच्यासाठी ‘हो जाएगा’ पुरेसं आहे. बाहेरून आलेल्या कुटुंबाला तो रिवाज माहीतच नाही. जो नियम घरच्यांसाठी लागू, तो पाहुण्यांना न सांगता लावला जातो.

मदिनेच्या बाजारातला एक प्रसंग हदीसमध्ये येतो. धान्याच्या ढिगात पैगंबरांनी हात घातला तर आतून बोटं ओली झाली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं ते एवढंच, की मग हे भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असंही त्यांनी बजावलं. धान्य भिजणं हा गुन्हा नव्हता. नळीला जादा पैसे लावणं हाही नाही. प्रश्न ते वर ठेवलं की तळाशी, एवढाच आहे.

देशाचा कायदाही याच जागी बोट ठेवतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकाचे जे हक्क सांगितले आहेत, त्यांत दर्जा आणि प्रमाणाबरोबर किंमत जाणून घेण्याचा हक्क आहे. नियमाप्रमाणे बिल किंवा पावती न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, तेव्हा कागदाच्या चिठोऱ्यावर नुसता आकडा लिहून दिला तर बिल मागायला लाजू नये. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात जोडता येत नाही, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. जीएसटीचंही बघून घ्यावं. साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के असतो आणि जादा नळीवरही लागतो. पण हॉटेल ‘कंपोझिशन’ योजनेत असेल तर ते गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही, आणि तसं बिलावर लिहिणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रीत किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’, २०२३ च्या नियमावलीत फसव्या प्रकारांच्या यादीत गेलं आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आता ऐंशी रुपयांच्या नळीसाठी कोणी १९१५ फिरवावा, असं मला वाटत नाही. त्याआधी ‘भाई, इसका अलग लगेगा क्या?’ एवढं विचारावं. हा प्रश्न चिंधीपणाचा नाही, आणि पाहुण्यांसमोर तर यजमानानेच तो आधी विचारावा.

यंदा पहिल्या अशऱ्यातच, म्हणजे पहिल्या दहा दिवसांत, त्या जुन्या मालकांनी गल्ल्याशेजारी एक पांढरा फळा लावला. उजवीकडे उर्दू, डावीकडे मराठी. नळी, तरी, नान, पार्सलचा डबा, प्रत्येकासमोर आकडा. ‘तिखट कमी’समोर मात्र आकडा नाही. तिथे लिहिलंय, ‘पैसे नाहीत, १५ मिनिटं थांबावं लागेल.’ ही युक्ती त्यांची स्वतःची, माझी फक्त शुद्धलेखनाची मदत. पोरांनाही ताकीद आहे, की ‘हो जाएगा’च्या मागे आकडा लागलाच पाहिजे. सुरुवातीला पोरं पुटपुटत सांगायची, आता एका दमात सांगतात.

परवा तिथे अक्कलकोटकडचं एक कुटुंब शेजारच्या टेबलावर होतं. वडिलांनी मुलासाठी नळी मागितली.

“हो जाएगा चाचा, अस्सी रुपये अलग.”

“ऐंशी? मग राहू दे बाळा.”

पोरगा मान हलवून आत गेला आणि परत येताना वाटीभर रस्सा घेऊन आला. वडिलांनी फळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “याचे किती?”

“ये ऐसेच,” तो म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे वळला.